वऱ्हाडांतील अंबाडीचें गुंफणकाम

वऱ्हाडांत जुन्या पोथ्यांच्या शोधार्थ हिंडत असतां सुमारें पस्तीस वर्षांपूर्वीं आमच्या हातून एक चूक घडली. तिचा उल्लेख प्रथम केल्यावांचून प्रस्तुत विषयास हात घालणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. अकोट तालुक्यांतील एका गांवीं एका शेतकऱ्याच्या घरीं पोथ्या आहेत असें कळल्यावरून आम्ही तेथें गेलों. घर धाब्याचें, आंत अंधार. पोथ्यांचा बस्ता लाल खारव्यांत बांधून आढ्यास टांगलेल्या एका शिंक्यांत ठेविला होता. उंदीर व वाळवी यांपासून रक्षण व्हावें म्हणून पोथ्या अशा अधांतरीं ठेवण्याची चाल संग्राहकांस परिचित आहेच. वर्षानुवर्षांच्या धुरानें शिंक्याच्या गांठी दगडासारख्या बसल्या होत्या. आम्ही त्या सोडवूं लागलों तेव्हां घरधनी म्हणाले, “कायले सोडत बसता गुरुजी, कापून घ्या ना!” आणि आम्हीं तें शिंकें कापलें.

बस्त्यांत निघाली ती श्रीधरस्वामींच्या ‘पांडवप्रतापा’ची एक अर्वाचीन नक्कल, तीहि आरंभींचीं व शेवटचीं पानें गेलेली. असल्या नकला गांवोगांव सांपडतात. शिंकें मात्र तीन मजल्यांचें होतें. खालचा मजला मोठा, वरचे क्रमानें लहान, आणि तिन्ही एकाच अखंड दोरीच्या जुडग्यांतून उतरलेले. तसलें दुसरें पुढें आमच्या पाहण्यांत आलें नाहीं. दोन वर्षांनीं त्याच घरीं पुन्हां जाण्याचा योग आला तेव्हां आम्हीं त्याची चौकशी केली. तें त्याच पावसाळ्यांत चुलींत गेलें होतें. त्याच्या गांठी किती होत्या, पेड किती होते, पीळ कोणत्या हाताचा होता, यांपैकीं एकहि गोष्ट आम्हीं टिपून घेतली नव्हती. पोथीचीं पानें मात्र मोजलीं होतीं.

त्या दिवसापासून अमरावती व अकोला या दोन जिल्ह्यांत जें कांहीं या जातीचें काम दृष्टीस पडलें तें पाहण्याची व विचारून घेण्याची संवय आम्हीं लावून घेतली. तिचें फळ थोडेंच आहे. तरी तें येथें मांडीत आहों, कारण ज्या वाचकांच्या हातीं हें त्रैमासिक जातें तेच लोक अजूनहि जुन्या घरांच्या आढ्यापर्यंत पोंचतात.

प्रथम हें काम म्हणजे नक्की काय तें सांगितलें पाहिजे. मागावर विणलेलें वस्त्र लांबी व रुंदी या दोनच दिशांस पसरतें. आम्ही ज्याविषयीं लिहीत आहों तें काम तसें नाहीं. त्यास माग नाहीं, सुई नाहीं; हाताचीं बोटें, पायाचा अंगठा व सूत कातण्याचा ढेरा एवढींच साधनें. त्यांतून निघणारी वस्तु एक पोकळी धरून ठेवते: मडक्याची, बैलाच्या तोंडाची, गोफणींतल्या दगडाची. पाथरवट दगड कमी करीत करीत आकारास येतो. हा कारागीर रिकाम्या जागेभोंवतीं दोरी फिरवीत त्याच ठिकाणीं पोंचतो. म्हणून यास नुसतें ‘दोरकाम’ म्हणणें अपुरें आहे. ‘गुंफणकाम’ हा शब्द आम्हीं सोईसाठीं योजिला आहे. कारागिरांच्या तोंडीं सर्वसाधारण नांव असें नाहींच, प्रत्येक वस्तूचें नांव तेवढें आहे.

याचें द्रव्य मुख्यतः अंबाडीचा वाख. ‘वाख’ हा शब्द संस्कृत ‘वल्क’ म्हणजे साल याच्याच कुळांतला. अंबाडी दोन प्रकारची असते व त्यांत घोटाळा होऊं देऊं नये. लाल बोंडांची, जिच्या बोंडांवरील निदलांचें सरबत करितात, ती एक. आणि वाखासाठीं पेरतात ती उंच, सरळ वाढणारी दुसरी. भाजी दोहींचीहि खातात. वाखाची अंबाडी वऱ्हाडांत स्वतंत्र पीक म्हणून क्वचितच घेत. कपाशीच्या किंवा ज्वारीच्या शेतांत कांहीं तासें, नाहींतर धुऱ्याच्या कडेनें एक ओळ, एवढीच तिची जागा. घरच्या दोराची बेगमी तितक्यानें होई. याशिवाय सन, ज्यास देशावर ताग म्हणतात, तोहि वापरांत असे. सनाचा वाख अधिक चिवट, अंबाडीचा अधिक लांब व मऊ. घायपात मूळची अमेरिकेकडील. ती नंतर बांधावर आली व तिचाहि वाख निघतो, पण तो खरखरीत, जनावराच्या अंगास लावण्याजोगा नव्हे.

फुलावर आलेली अंबाडी दिवाळीच्या सुमारास कापून तिच्या पेंड्या बांधीत व त्या नाल्याच्या डोहांत किंवा तळ्यांत दगडाखालीं दाबून ठेवीत. पाणी ऊन असेल तर आठ-दहा दिवसांत, थंडी पडली तर पंधरा किंवा अधिक दिवसांत साल सुटूं लागते. पाण्यांतील सूक्ष्म जंतु सालीस काडीशीं चिकटविणारा द्रव खाऊन टाकतात, धाग्यास मात्र एवढ्या अवधींत धक्का लावीत नाहींत. एक दिवस आधीं काढली तर साल निघत नाहीं, दोन दिवस उशीर झाला तर वाख कुजतो. ही वेळ ओळखण्यासाठीं जाणता मनुष्य रोज एक काडी मोडून पाही. त्या पाण्याची दुर्गंधी ज्यानें एकदां घेतली आहे तो तिला विसरत नाहीं, आणि कमरेइतक्या त्या पाण्यांत उभें राहून वाख धुणाऱ्यांच्या अंगास सुटणारी खाजहि विसरण्यासारखी नसे. स्वच्छ झालेला वाख वाळवून त्याच्या लडी करीत. उरलेल्या सनकाड्या चूल पेटविण्यास जात.

आतां पीळ. दोरी ही मुळांत एका विरोधावर उभी आहे. वाख ढेऱ्यावर एका दिशेनें पिळला कीं तो उलगडूं पाहतो. असे दोन किंवा तीन पेड घेऊन त्यांस उलट दिशेनें एकत्र पिळलें म्हणजे प्रत्येक पेडाची उलगडण्याची ओढ शेजारच्यास आवळते, व दोन्ही एकमेकांस धरून राहतात. गांठ न मारतां दोरी टिकते ती यामुळें. सुंभ जळला तरी पीळ जळत नाहीं ही म्हण आपण हट्टी मनुष्यास लावतों. पण ती मुळांत अगदीं शब्दशः खरी आहे. जळलेल्या सुंभाची राख हलविली नाहीं तर तींत पीळ स्पष्ट दिसतो. अकोल्याकडे एका घरीं आम्हांस तो मुद्दाम करून दाखविण्यांत आला.

संस्कृत वाङ्मयांत या विषयाचीं साधनें विखुरलेलीं आहेत. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायांत उपनयनाच्या मेखला वर्णानुसार सांगतांना ब्राह्मणास मुंज गवताची, क्षत्रियास मूर्वेच्या ज्येची व वैश्यास शणतंतूंची मेखला विहित केली आहे. आणि उपवीत कापसाचें, शणाचें व लोकरीचें असें अनुक्रमें सांगितलें आहे. तेथेंच उपवीतास ‘ऊर्ध्ववृत’ व ‘त्रिवृत्’ हीं विशेषणें आहेत, म्हणजे पिळाची दिशा व पेडांची संख्या हे दोन्ही मुद्दे स्मृतिकारास महत्त्वाचे वाटले होते. सुश्रुताच्या सूत्रस्थानांत जखम शिवण्याच्या साहित्यांत शणाचें सूत्र येतें, व अठराव्या अध्यायांत जे चौदा बंध सांगितले आहेत त्यांत ‘दाम’ आणि ‘गोफणा’ हीं नांवें आहेत. गोफणा हा बंध हनुवटी, नाक, ओठ, खांदा अशा उंचसखल जागीं बांधावयाचा. वैद्यानें आपल्या बंधाचा आकार शेतांत पांखरें हाकणाऱ्याच्या हातांतून घेतला आहे हें उघड दिसतें.

अमरकोशांत वैश्यवर्गांत ‘दाम’, ‘संदान’ व पशूंची दोरी ती ‘दामनी’ असे शब्द आहेत. यांतील दाम तें आपलें ‘दावें’, व दामनी ती ‘दावण’. शूद्रवर्गांत कावडीच्या दांडीस लोंबणारें तें ‘शिक्य’, तेंच आपलें शिंकें. भागवताच्या दशमस्कंधांत गोपी यशोदेकडे गाऱ्हाणें नेतात त्यांत हेंच शिक्य आहे. पाट व उखळ रचून शिंक्यांतल्या भांड्यास भोंक पाडणारा मुलगा त्यांस आवरत नाहीं. पुढच्याच अध्यायांत त्याच मुलास बांधतांना प्रत्येक दोरी दोन अंगुळें कमी पडते, आणि त्यावरून त्याचें नांव दामोदर. सांख्यांच्या ‘गुण’ शब्दाचा दोरीशीं संबंध विज्ञानभिक्षूनें जोडला आहे, आणि यज्ञवेदी आंखण्याच्या शास्त्रास शुल्ब म्हणजे दोरी यावरूनच शुल्बसूत्रें हें नांव पडलें. पण या वाटेनें फार लांब जातां येईल, आणि आमचा विषय अंबाडीचा आहे.

शिंक्याची रचना अशी. चार, सहा किंवा आठ लांब दोऱ्या घेऊन त्या मध्यावर दुमडतात. दुमड वर येते व तिचा फांस होतो. त्यांत खुंटी किंवा आढ्याचा दोर जातो. फांसाखालीं वीतभर त्या सर्वांचा गोफ विणतात. हा गोफ केवळ शोभेचा नसतो. त्यानें ओझें सगळ्या पेडांवर सारखें वांटलें जातें. गोफ संपला कीं दोऱ्या सुट्या होऊन खालीं उतरतात, आणि ठराविक अंतरावर शेजारच्या दोन-दोन एकत्र येऊन गांठ पडते. पुढच्या ओळींत जोड्या बदलतात. म्हणजे उजवीकडची दोरी आतां आपल्या डावीकडच्या जोडीदारास सोडून उजव्या शेजाऱ्यास मिळते. त्यामुळें जाळीस शंकरपाळ्यासारखे डोळे पडतात. जेथें भांड्याचें पोट फुगतें तेथें डोळे मोठे ठेवावयाचे, तळाकडे लहान करीत न्यावयाचे. शेवटीं सर्व शेंडे वाखाच्या एका कड्यांत, डोक्यावरच्या चुंबळीसारख्या वेढ्यांत, घेऊन आंतल्या बाजूस मुरवितात. चांगल्या शिंक्यांत शेंडा कोठें लपला हें शोधून सांपडत नाहीं. रिकामें असतां तें दोरांच्या जुडीसारखें लोंबतें; मडकें आंत बसलें कीं त्याचा आकार जागा होतो.

गांठी मुख्यतः दोन जातींच्या. ओढली कीं सुटते ती सुरगांठ, ओढली कीं अधिक बसते ती निरगांठ. शिंक्यांत सर्व गांठी निरगांठीच्या कुळांतल्या, कारण तेथें भार नित्याचा. कासऱ्याच्या टोंकास मात्र सुरगांठ, कारण जनावर अडकून पडलें तर एका झटक्यांत मोकळें करितां आलें पाहिजे. शिंक्याचें तुटलें, बोक्याचें पटलें, अशी म्हण आहे खरी. परंतु कारागीर सांगत कीं शिंकें तुटतें तें गांठीशीं नव्हे, आढ्याच्या घर्षणानें फांसाशीं. म्हणून फांसावर वाखाचा किंवा चिंधीचा वेगळा वेढा देण्याची चाल होती.

मुसकें ही त्याच जाळीची लहान आवृत्ति. डवऱ्याच्या वेळीं बैलानें उभ्या पिकास तोंड घालूं नये म्हणून तें बांधतात. डोळे इतके मोठे हवेत कीं श्वास व लाळ मोकळी राहील, आणि इतके लहान कीं पात आंत येणार नाहीं. एका बैलाचें मुसकें दुसऱ्यास नीट बसत नाहीं.  गोफणीचें कौशल्य तिच्या पाळण्यांत असतें. दोन बाजूंच्या दोऱ्या मध्यें पसरून त्यांची चिरलेली, दगडास धरणारी खोलगट पट्टी विणावयाची. ज्वारी हुरड्यांत आली कीं मचाणावरून ती फिरे. एका हाताच्या दोरीस बोटांत अडकविण्याचा फांस, दुसरीस नुसता शेंडा, जो सुटतांना चाबकासारखा वाजतो. लांब दोऱ्या वावानें, म्हणजे पसरलेल्या दोन हातांच्या अंतरानें मोजतात. हा ‘वाव’ संस्कृत ‘व्याम’ होय.

परंतु या कामाचें सर्वांत थाटाचें रूप पाहावयाचें तर पोळ्याच्या दिवशीं. पिठोरी अमावास्येच्या आदल्या दिवशीं बैलांचे खांदे हळद व तूप किंवा तेल लावून शेकतात व त्यांस दुसऱ्या दिवसाच्या जेवणाचें आवतण देतात. दुसऱ्या दिवशीं अंगावर गेरूचे ठिपके, शिंगांस बेगड, पाठीवर झूल, गळ्यांत घुंगरांच्या व कवड्यांच्या माळा. आणि यांखेरीज नवी वेसण, नवी म्होरकी, नवा कासरा, शिंगांस चवऱ्या व कपाळावर मठाटी. मग आखरावर आंब्याच्या पानांच्या तोरणाखालीं सगळ्या जोड्या उभ्या राहतात, झडत्या होतात, मानकऱ्याकडून तोरण तुटतें आणि पोळा फुटतो. पाहणाऱ्यांचें लक्ष बेगडीकडे व झुलीकडे जातें. आमचें मठाटीकडे जातें.

मठाटी शिंगांच्या बुडाशीं बांधून कपाळावर सोडतात. जुन्या मठाटीची घडण आम्हीं पाहिली ती अशी: वर एक घट्ट गोफ, त्यापासून खालीं उतरणारी जाळी, जाळीच्या प्रत्येक डोळ्याच्या गांठीस वाख पिंजून केलेला गोंडा. गोंडा करितांना वाखाची लडी मध्यावर आवळून, दोन्ही टोंकें खालीं दुमडून, मानेशीं वेढा देतात व मग खालचा भाग फणीनें पिंजतात. तेव्हां तो कणसासारखा फुलतो. रंग पळसाच्या फुलांचा, हळदीचा, निळीचा. पुढें बाजारच्या पुड्यांचा आला. बैल मान हलवितो तेव्हां गोंड्यांच्या ओळी एकामागून एक झुलतात व डोळ्यांवरच्या माशा उडतात. म्हणजे अलंकार म्हणून जें दिसतें तें पंखाहि आहे. आदल्या वर्षीं दिवाळींत कापलेली अंबाडी, उन्हाळ्यांतील रिकाम्या दुपारीं कातलेली दोरी, आणि श्रावणाच्या शेवटच्या दिवशीं बैलाच्या कपाळीं. असा एका मठाटीमागें नऊ-दहा महिन्यांचा काळ असे.

आतां हें काम करी कोण? घरापुरतें शिंकें किंवा मुसकें पुष्कळ शेतकरी स्वतःच गुंफीत. परंतु गांवास दोर पुरविण्याचें काम बलुत्यांत मांगाकडे, म्हणजे आजच्या मातंग समाजाकडे असे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गांव-गाडा’ या १९१५ सालच्या ग्रंथांत मांगाच्या कामांत याचा उल्लेख आहे. बलुत्याच्या कागदांत ‘दोर’ एवढाच शब्द येतो. कोणत्या आकाराचा, किती पेडांचा, कोणाच्या हातचा, हें लिहिणाऱ्यास लिहावेंसें वाटलें नाहीं. आणि एक गोष्ट आम्हां संशोधकांनीं डोळ्यांआड करूं नये. ज्याच्या स्पर्शानें दूध विटाळतें असें मानीत, त्याच्याच बोटांतून निघालेल्या शिंक्यांत तें दूध देवघराशेजारीं टांगलेलें असे. वस्तूस उंबरा ओलांडण्याची मुभा होती, करणाऱ्यास नव्हती. त्यामुळें या कलेचे धनी कोण याची एकहि यादी घरांत शिल्लक राहिली नाहीं. पोथीच्या शेवटीं लेखकाचें नांव, शक व तिथि असते, शिंक्याच्या शेवटीं एक लपविलेला शेंडा असतो.

हें काम नष्ट कां होतें त्याचीं कारणें उघड आहेत. वाख ओलीनें कुजतो, धुरानें ठिसूळ होतो, आणि निकामी झाला कीं सरपणास उत्तम. प्राचीन काळचा धागा आपल्या हातीं आला तो केवळ अपवादानें. अहिल्यानगर जिल्ह्यांतील नेवासे व पुणें जिल्ह्यांतील चांदोली येथील ताम्रपाषाणयुगीन दफनांत तांब्याच्या मण्यांच्या माळा मिळाल्या. त्यांच्या ओवणीचे तंतु टिकून होते, कारण तांब्याच्या क्षारानें कुजविणारे जंतु मारले होते. शिंक्यास असें तांबें मिळत नाहीं. पुण्यास दिनकर केळकर यांनीं अडकित्ते, दिवे, कुलुपें, दौती यांचा जन्मभर संग्रह करून तो १९७५ सालीं महाराष्ट्र शासनास दिला, व नित्याच्या वापरांतील वस्तूहि जपण्याजोगी असते हें महाराष्ट्रास दाखविलें. पण पितळ, लोखंड व लांकूड वाट पाहूं शकतात. वाख पाहत नाहीं.

त्यांत नायलॉनची दोरी आली. ती कुजत नाहीं, स्वस्त पडते, तिला कातावें लागत नाहीं. शेतकऱ्यानें ती घेतली यांत त्यास दोष देण्याचें कारण नाहीं. जाणते लोक एवढेंच म्हणतात कीं तिची वेसण नाकास कांचते, वाखाची घाम पिते. शेतांत कपाशीबरोबर सोयाबीन पसरलें, ट्रॅक्टर आला, बैल कमी झाले, धुऱ्यावरची अंबाडी गेली. आज अमरावतीच्या किंवा अकोल्याच्या पोळ्याच्या बाजारांत रंगीत मठाट्यांचे ढीग असतात, पण त्या बहुतेक नायलॉनच्या व कृत्रिम लोकरीच्या. गोंड्याची घडण मात्र जुनीच राहिली आहे, असें एक मठाटी उसवून पाहतां आम्हांस आढळलें.

शब्दांचें आयुष्य वस्तूपेक्षां लांब असतें. मोल्सवर्थच्या १८५७ च्या कोशांत व दाते-कर्वे यांच्या १९३२ ते १९३८ या काळांतील ‘महाराष्ट्र शब्दकोशां’त दोरीचीं नांवें विपुल आहेत. आपण अजूनहि खर्चास वेसण घालतों, लांबलेल्या भाषणास चऱ्हाट म्हणतों, एखाद्यास कोणाच्या दावणीस बांधतों. पण शाळेंत तीस-पस्तीस वर्षें मुलांस हे वाक्प्रचार शिकवितांना आम्हांस असें दिसून आलें कीं पहिल्या पहिल्या वर्षीं ‘वेसण’ म्हणतांच मुलें नाकाकडे बोट नेत. शेवटच्या वर्षांत तीं पाठ केलेला अर्थ सांगत. जुन्या कागदांतील ‘नाडा’, ‘सोल’, ‘सुंभ’, ‘चऱ्हाट’ यांतील भेद आज कोशावरून लावावा लागतो, आणि कोशकारानें ‘एक प्रकारची दोरी’ एवढेंच लिहिलें असेल तर तेथें वाट खुंटते.

महानुभावांनीं आपले ग्रंथ सकळ लिपींत झांकून ठेविले व इतिहासाचार्य राजवाडे यांनीं ती लिपि उकलली, ही कथा या प्रांतांतील प्रत्येक संग्राहक अभिमानानें सांगतो. पेरू देशांतील इंका लोकांच्या गांठाळलेल्या दोऱ्या, ज्यांस किपू म्हणतात, त्यांतील गांठींवरून हिशेबाचे आंकडे वाचतां येतात. आमच्या शिंक्यांत आंकडे नाहींत, लेखहि नाहीं. तरी गांठींची मांडणी गांवागांवांत थोडी थोडी निराळी आहे. दर्यापुराकडे पाहिलेल्या शिंक्यांत तळाचें कडें वेगळें करून मग जोडलेलें होतें, अकोटाकडील दोहोंत तें त्याच दोऱ्यांचें होतें. एवढ्या थोड्या नमुन्यांवरून सिद्धांत बांधणें आम्हांस मान्य नाहीं. परंतु नमुने थोडे कां, याचें उत्तर आमच्याच चाकूंत आहे.

कलाक्षेत्रांत या गांठीस मान मिळाला तो निराळ्या दारानें. मुंबईंत १९४९ सालीं जन्मलेल्या व बडोद्यास के. जी. सुब्रमण्यन् यांच्याजवळ शिकलेल्या मृणालिनी मुखर्जी यांनीं रंगविलेल्या वाखाच्या दोऱ्या हातानें गांठवून पुरुषभर उंचीच्या मूर्ती घडविल्या. त्या २०१५ सालीं वारल्या; २०१९ सालीं त्यांच्या कामाचें मोठें प्रदर्शन न्यूयॉर्क येथें भरलें. त्यांच्या कामाचीं छायाचित्रें आम्हीं पाहिलीं आहेत. कल्पना सर्वस्वीं त्यांची, आकारहि त्यांचे. पण गांठीवर गांठ चढवून पोकळीस पोट आणण्याची रीत पाहतांच आमच्या डोळ्यांपुढें अकोट तालुक्यांतील तें धुरकटलेलें आढें आलें.

संग्राहकांपुढें आमची विनंति लहान आहे. बस्ता उतरवितांना शिंकें कापूं नये. तें भिजवूंहि नये, वाख फुगून गांठ अधिक बसते. हाडाच्या किंवा लांकडाच्या बोथट टोंच्यानें गांठ सैल करावी. सुटलीच नाहीं तर फांस आढ्यावरून काढून सगळेंच खालीं घ्यावें, हें आम्हांस त्या वेळीं सुचलें नाहीं. पेडांची संख्या, पिळाची दिशा, गांठींच्या ओळी, वस्तूचें त्या गांवचें नांव आणि ती कोणाच्या हातची असें घरचे सांगतात, एवढें एका चिठीवर लिहून ती चिठी वस्तूसच बांधावी. ठेवतांना घडी घालूं नये. आंत कागदाचा किंवा कापडाचा बोळा घालून पोट भरलेलें ठेवावें, आणि पोथ्यांत ठेवतों तसें वेखंड जवळ असूं द्यावें.

गेल्या वर्षीं दर्यापूर तालुक्यांतील एका वृद्ध कारागिराकडे आम्ही गेलों. वय ऐंशीच्या घरांत. पोळ्यासाठीं कोणी मागितलें तर अजून थोडा वाख कातीत होते. आम्हीं तीन मजल्यांच्या शिंक्याची हकीकत सांगून म्हटलें, “आबाजी, तसलें एक करून द्याल काय? मजुरी तुम्ही म्हणाल ती.” त्यांनीं विचारलें, “गाडगं कोठी हाये?” आम्ही म्हणालों, गाडगें नाहीं, शिंकेंच तेवढें पाहिजे. त्यांनीं हातांतला वाख खालीं ठेविला. गाडग्यावांचून शिंकें कोणत्या मापाचें करावयाचें, हें त्यांस कळेना, व त्यांचा प्रश्न आम्हांस कळण्यास थोडा वेळ लागला. पुढच्या आठवड्यांत कुंभाराकडून लहान-मोठीं तीन मडकीं घेऊन आम्ही पुन्हां गेलों. तेव्हां त्यांनीं सर्वांत मोठें मडकें पायांच्या पंज्यांत धरलें आणि दोऱ्या दुमडल्या. चार दिवस लागले. त्यांच्या इच्छेस मान देऊन त्यांचें नांव येथें छापीत नाहीं. तें शिंक्यास बांधलेल्या चिठीवर आहे. गांठी एकशे बारा, पेड आठ, पीळ डाव्या हाताचा.